टेल कॉल ऑप्टिमायझेशन : रिटर्न टाइप जुळला नाही तर काय होतं?

एखाद्या फंक्शनचं शेवटचं काम दुसऱ्या फंक्शनला कॉल करून त्याचं उत्तर जसंच्या तसं परत देणं एवढंच असेल, तर त्याला टेल कॉल म्हणतात. पहिल्या फंक्शनला पुढे काही करायचंच नसतं. त्यामुळे कंपायलर कॉलऐवजी सरळ जंप टाकतो आणि स्टॅक वाढत नाही. इथे महत्त्वाचं आहे ते ‘जसंच्या तसं’.

माझंच उदाहरण सांगतो. मी सी भाषेत एकमेकांना आळीपाळीने कॉल करणारी दोन फंक्शन्स वेगवेगळ्या फाइल्समध्ये लिहिली होती. ऑप्टिमायझेशन चालू होतं. लहान इनपुटवर सगळं ठीक, पण १० लाख फेऱ्या दिल्या की सेगमेंटेशन फॉल्ट! शोधल्यावर कळलं, एक फंक्शन इंट परत देत होतं आणि दुसरं लाँग.

असं का झालं?

६४ बिट लिनक्सवर इंट ३२ बिटचा आणि लाँग ६४ बिटचा असतो. एक्स८६ प्रोसेसरवर इंटचा लाँग करताना रजिस्टरचे वरचे ३२ बिट चिन्हानुसार भरावे लागतात. काम एकाच इन्स्ट्रक्शनचं, पण ते उत्तर आल्यावरच करता येतं. म्हणजे परत यावंच लागतं. रिटर्न ॲड्रेसचे ८ बाइट आणि अलाइनमेंटचे ८, असे प्रत्येक फेरीला किमान १६ बाइट अडकतात. १० लाख फेऱ्यांना १६ एमबी लागतात. मुख्य थ्रेडचा स्टॅक सहसा ८ एमबीच असतो.

कोणती जोडी चालते?

- दोन्हीकडे एकच टाइप: चालते.
- कॉल करणारं फंक्शन व्हॉइड: चालते, आलेल्या उत्तराकडे कोणी बघतच नाही.
- आलेला इंट, द्यायचा लाँग: नाही.
- आलेला डबल, द्यायचा इंट: नाही. रजिस्टरही वेगळं आणि रूपांतरही लागतं.
- आलेला इंट, द्यायचा बूल: नाही. आधी शून्याशी तुलना करावी लागते.
- आलेला लाँग, द्यायचा इंट: वरचे बिट सोडून दिले की झालं. क्लँग हे ओळखतो, पण प्रत्येक कंपायलर ओळखेलच असं नाही.

उपाय काय?

मी दोन्हीकडे लाँग केलं आणि असेंब्लीत कॉलच्या जागी जंप दिसला. पण नुसत्या भरवशावर राहू नका. क्लँग १३ (२०२१) आणि जीसीसी १५ (२०२५) पासून ‘मस्टटेल’ हे ॲट्रिब्यूट मिळतं. ते रिटर्नच्या आधी लिहिलं आणि टेल कॉल शक्य नसेल, तर कंपाइल करतानाच एरर येते. प्रोग्राम चालू असताना कोसळण्यापेक्षा हे केव्हाही बरं!