अंडी उबवण, घरगुती

खुडूक कोंबडीखाली किंवा छोट्या उबवणयंत्रात फलित अंड्यांतून पिल्ले काढण्याची पद्धत. कृत्रिम उबवण प्राचीन ईजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांत होई. महाराष्ट्रातील खेड्यांत पेंढा घातलेल्या पाटीत कोंबडी बसवतात (पहा : कुक्कुटपालन). कोंबडीच्या अंड्यास सु. २१ दिवस लागतात. पंख्याच्या यंत्रात तापमान सु. ३७.५° से. राखून अंडी १८ व्या दिवसापर्यंत फिरवतात. पुढे आर्द्रता वाढवतात. कवचाला टोच पडल्यावर पिल्लू बाहेर यायला पुष्कळदा १२ ते २४ तास जातात. या अवधीत ते आतील पटलावरील रक्त व उरलेला बलक शोषून घेत असते. घाईने कवच सोलल्यास रक्तस्रावाने दगावू शकते. पिल्लाचे फाकलेले पाय सुरुवातीच्या दिवसांत मऊ पट्टीने सैलसर जोडल्यास बहुधा सरळ होतात. गुदद्वाराशी वाळलेली विष्ठा कोमट पाण्याने भिजवूनच काढावी लागते. ओढल्यास कातडी फाटते. गावरान कोंबड्यांचे वाण घरोघर टिकून राहण्यात या पद्धतीचा मोठा वाटा आहे (पहा : कोंबडी).