डिशच्या वायरची पिन आणि लॅबमधली 'पिन डेप्थ'

डिशच्या वायरमधली तांब्याची तार वाकली की चिखलीतल्या घरात टीव्हीवर 'नो सिग्नल'. तार कापून नवा कनेक्टर लावला की झालं. पण मोजणारी उपकरणंच जिथे तपासली जातात, म्हणजे कॅलिब्रेशन होतं, अशा अंधेरीच्या ईआरटीएल (पश्चिम) सारख्या सरकारी प्रयोगशाळेत कनेक्टर इतका सहज बदलता येत नाही.

उच्च वारंवारतेच्या उपकरणांवर अनेकदा ३.५ मिमी कनेक्टर असतो (हेडफोनचा नव्हे!). त्याची मधली पिन बाहेरच्या नळीच्या बैठकीपेक्षा किंचित आत हवी. हे अंतर म्हणजे पिन डेप्थ. पिन पुढे आली असेल, तर समोरच्या कनेक्टरमधल्या नाजूक पाकळ्या मोडतात. मग तो बिघडलेला कनेक्टर पुढच्याला इजा करू शकतो. संसर्गच म्हणा ना! डोळ्यांना हा फरक दिसत नाही, म्हणून जोडण्याआधी डायल गेज लावतात. आधी मास्टर ब्लॉकवर शून्य, मग कनेक्टर थोडा थोडा फिरवून दोन-तीन वेळा माप.

साफसफाईला धागे न सुटणारा स्वॅब आणि थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल. जोडताना फक्त नट फिरवायचा, शेवटी ०.९ न्यूटन-मीटरचा टॉर्क पाना.

स्वस्तातला एसएमए कनेक्टरही यात बसतो. खरा धोका तिथेच. त्याची पिन मोजल्याशिवाय तो जोडायचाच नाही.