गिरण्या संपाने बुडाल्या नाहीत

मुंबईच्या कापड गिरण्या कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या संपाने बुडाल्या, हे वाक्य आता कुणी मत म्हणून मांडत नाही, ठाऊक असलेली गोष्ट म्हणून सांगतो. लालबाग-परळात वाढलेली माणसेही ते म्हणतात. त्या संपात त्यांच्या घरातली भांडी विकली गेली, म्हणून त्यांचे म्हणणे उडवून लावता येत नाही. पूर्वपक्ष आधी पुरता मांडू. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. दीड वर्ष उलटले तरी संप रीतसर मागे घेतला गेला नाही. गिरण्या पुन्हा सुरू झाल्या, पण हजारो कामगारांना परत घेतले नाही. मालक किती काळ दम धरतील, याचा सामंतांचा अंदाज चुकला. हे सारे खरे मानूनही त्यातून काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

कार्यकारण तपासायला आपल्याकडे अन्वय-व्यतिरेकाची जुनी कसोटी आहे: कारण असेल तिथे कार्य दिसावे, कारण नसेल तिथे ते दिसू नये. मग अहमदाबादचे काय? तिथल्या कामगारांची मुख्य संघटना मजूर महाजन. गांधीजींच्या प्रेरणेने 1920 साली उभी राहिलेली, तंटा लवादाने मिटवण्यावर भर देणारी. मुंबईसारखा संप तिथे झालाच नाही. तरीही ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत तिथल्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. सोलापूरची साक्ष तर त्याहून जुनी आहे. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी ऑगस्ट 1949 मध्ये बंद पडली. जानेवारी 1950 मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला आणि कारण नोंदवले ते गैरव्यवस्थापन व हेळसांड. त्यावरचे खटले सर्वोच्च न्यायालयात गाजले. कायद्याचे विद्यार्थी ते आजही वाचतात.

मुंबईतही दुखणे संपाच्या आधीचेच होते. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ 1968 साली स्थापन झाले ते आजारी गिरण्या चालवण्यासाठी, आणि 1974 च्या कायद्याने देशातल्या 103 गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यांत मुंबईच्याही होत्या. अनेक मालकांनी नफा यंत्रांत परत घातला नव्हता, साचे जुनाट झाले होते. शिवाय सूत काढण्यापासून कापडापर्यंत सारे एका आवारात करणाऱ्या गिरणीला करांचा आणि कामगार कायद्यांचा जो भार होता, तो भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांना नव्हता. कापड तिकडे सरकले. संपाच्या काळात तर काही गिरण्यांनी यंत्रमागांवर विणून घेतलेले कापड आपल्या नावाने विकले.

संप का झाला, हेही या पूर्वपक्षात कुठे येत नाही. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटींचा हक्क एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगारांचा त्या संघावर विश्वास उरला नव्हता, पण दुसरी संघटना निवडण्याची सोपी वाट कायद्यात नव्हती. बदली कामगार तर रोज दारात उभा राहायचा, आणि काम मिळाले तरच त्याला पगार मिळायचा.

आता उत्तरपक्ष. गिरण्या संपल्या, कारण त्यांच्याखालची जमीन कापडापेक्षा महाग झाली. ही जमीन सुमारे 600 एकर. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने ती विकायची परवानगी दिली. मिळालेला पैसा गिरणी सुधारायला आणि कामगारांची देणी द्यायला वापरायचा होता. मोठ्या भूखंडांच्या बाबतीत ढोबळमानाने एक वाटा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला. हे तीन वाटे आता साऱ्या जमिनीचे नव्हे, फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेचे. गिरणीचे आवार बहुतेक इमारतींनीच भरलेले असते, त्यामुळे शहराचा आणि म्हाडाचा वाटा एका फटक्यात आकसला. उच्च न्यायालयाने 2005 मध्ये या दुरुस्तीविरुद्ध गेलेल्या पर्यावरणवाद्यांच्या बाजूने कौल दिला, पण मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. संपाला तोवर 24 वर्षे झाली होती. ज्या उद्योगाला संपाने मारले म्हणतात, त्याच्या जमिनीची वाटणी इतकी वर्षे चालू होती आणि ती मंत्रालयात व न्यायालयांत ठरत होती.

हे आज उगाळायचे कारण आहे. म्हाडाच्या घरासाठी अर्ज केलेले गिरणी कामगार आणि वारस दीड लाखाहून अधिक आहेत. सोडतीत घर लागले ते थोड्यांना. उरलेल्यांना मुंबईबाहेरच्या शेलू-वांगणीकडे बोट दाखवले जाते. ‘गिरण्या तुम्हीच बुडवल्यात’ हे एकदा गळी उतरवले की मिळेल ते घर सरकारचा उपकार ठरतो आणि मुंबईतल्या घराची मागणी हट्ट वाटू लागते. जुलै 2025 मध्ये हे कामगार आझाद मैदानावर तीच मागणी घेऊन आले. मुंबईत जागा नाही, असे त्यांना सांगितले जाते. जागा होती. 2001 च्या दुरुस्तीने ती हातची गेली, आणि त्या दुरुस्तीवर संपात उतरलेल्या एकाही कामगाराची सही नाही.