शांताराम कादंबरीचे रूपांतर हक्क

शांताराम ही ऑस्ट्रेलियन लेखक ग्रेगरी डेव्हिड रॉबर्ट्स यांची इ.स. २००३ मध्ये प्रकाशित झालेली इंग्रजी कादंबरी आहे. तिच्यावर चित्रपट काढण्याचे हक्क २००४ मध्ये, तर दूरचित्रवाणी मालिका काढण्याचे हक्क २०१८ मध्ये विकले गेले. पहिल्या व्यवहारातून चित्रपट निघालाच नाही. दुसऱ्या व्यवहारातून २०२२ मध्ये बारा भागांची मालिका आली आणि ती एकाच पर्वानंतर बंद झाली.

कादंबरी

रॉबर्ट्स यांना सशस्त्र दरोड्यांच्या गुन्ह्यांसाठी शिक्षा झाली होती. १९८० मध्ये ते मेलबर्न येथील पेंट्रिज तुरुंगातून पळाले आणि पुढे काही वर्षे मुंबईत राहिले. १९९० मध्ये त्यांना जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे पकडण्यात आले. या अनुभवांवर कादंबरी बेतलेली असली, तरी ती आत्मचरित्र नव्हे.

कादंबरीचे नाव मराठी आहे. कथानायक लिन आपला मित्र व वाटाड्या प्रभाकर याच्या महाराष्ट्रातील गावी जाऊन राहतो आणि तेथे प्रभाकरची आई त्याचे नाव शांताराम ठेवते. लिन मराठी शिकतो, झोपडपट्टीत दवाखाना चालवतो आणि ऑर्थर रोड तुरुंगातही दिवस काढतो. कुलाब्यातील लिओपोल्ड कॅफे हे कथेतील महत्त्वाचे ठिकाण आहे. कादंबरीचा मराठी अनुवाद अपर्णा वेलणकर यांनी केला असून तो मेहता पब्लिशिंग हाऊसने प्रसिद्ध केला आहे. मूळ पुस्तकाची पृष्ठसंख्या नऊशेहून अधिक आहे. एवढा ऐवज दोन-तीन तासांच्या चित्रपटात कसा बसवायचा, हा प्रश्न रूपांतराच्या प्रत्येक प्रयत्नात उभा राहणारच होता.

चित्रपटाचे हक्क

२००४ मध्ये वॉर्नर ब्रदर्स या अमेरिकी कंपनीने अभिनेता जॉनी डेप याच्यासाठी कादंबरीचे चित्रपट हक्क घेतले. ही किंमत सुमारे २० लाख डॉलर असल्याचे वृत्त तेव्हा प्रसिद्ध झाले होते. पटकथेचे काम एरिक रॉथ यांच्याकडे आणि दिग्दर्शन पीटर वीअर यांच्याकडे होते. २००६ मध्ये वीअर मतभेदांमुळे बाजूला झाले आणि त्यांची जागा मीरा नायर यांनी घेतली. मुंबईतील टोळीचा सूत्रधार कादरभाई याच्या भूमिकेसाठी अमिताभ बच्चन यांचे नाव जाहीर झाले. मात्र २००७-०८ मध्ये अमेरिकेतील पटकथालेखकांनी संप केला, त्या काळात चित्रीकरण लांबणीवर पडले व पुढे ते झालेच नाही. २०१३ मध्ये जोएल एजर्टन यांना नायक आणि गार्थ डेव्हिस यांना दिग्दर्शक म्हणून घेऊन पुन्हा हालचाल झाली. तीही तेथेच थांबली.

दूरचित्रवाणीचे हक्क

दरम्यान २०१५ मध्ये 'द माउंटन शॅडो' हा कादंबरीचा उत्तरभाग प्रसिद्ध झाला. जानेवारी २०१८ मध्ये अ‍ॅनॉनिमस कंटेंट आणि पॅरामाउंट टेलिव्हिजन या कंपन्यांनी दोन्ही पुस्तकांचे दूरचित्रवाणी हक्क मिळवले. त्यासाठी इतर इच्छुकांशी चढाओढ झाली होती. त्याच वर्षी जूनमध्ये अ‍ॅपलने प्रकल्प आपल्याकडे घेतला. हक्क घेताना उत्तरभागाचाही विचार झाला होता, यावरून एकाहून अधिक पर्वांची अपेक्षा दिसते.

लेखनाची जबाबदारी प्रथम एरिक वॉरन सिंगर यांच्याकडे होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये चार्ली हनम यांची लिनच्या भूमिकेसाठी निवड जाहीर झाली. दोन भागांच्या चित्रीकरणानंतर, उरलेल्या भागांच्या संहिता तयार नसल्याने, २०२० च्या आरंभी काम थांबले. त्यानंतर कोविडची साथ आली. स्टीव्ह लाइटफूट यांनी मालिकेची सूत्रे हाती घेतल्यावर २०२१ मध्ये काम पुन्हा सुरू झाले. चित्रीकरण प्रामुख्याने ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात व थायलंडमध्ये झाले. १९८० च्या दशकातील मुंबई बँकॉकमध्ये उभी करावी लागली, हे या मुंबईकर कादंबरीच्या वाट्याला आलेले एक वेगळेच वळण होय.

१४ ऑक्टोबर २०२२ रोजी अ‍ॅपल टीव्ही प्लसवर पहिले तीन भाग एकत्र प्रदर्शित झाले. पुढील भाग दर आठवड्याला येऊन १६ डिसेंबरला पर्व संपले. शुभम सराफ यांनी प्रभू, अलेक्झांडर सिद्दिग यांनी कादरभाई आणि आंतोनिया देप्ला यांनी कार्ला या भूमिका केल्या. त्याच महिन्यात मालिका पुढे न चालवण्याचा निर्णय जाहीर झाला. कादंबरीचा काही भागच पडद्यावर आला; उत्तरभागापर्यंत मजल गेली नाही.

हक्कांचे स्वरूप

निर्माते बहुधा सुरुवातीलाच पूर्ण किंमत मोजत नाहीत. थोडी रक्कम देऊन ठराविक मुदतीसाठी कादंबरी राखून ठेवली जाते. या व्यवहाराला 'ऑप्शन' म्हणतात. त्या मुदतीत पटकथा, कलावंत व भांडवल यांची जुळणी झाल्यास उरलेली रक्कम दिली जाते, अन्यथा मुदत वाढवली जाते किंवा हक्क लेखकाकडे परत जातात. त्यामुळे 'हक्क विकले गेले' या बातमीचा अर्थ मालिका येणार असा होत नाही. तसेच चित्रपटाचे आणि मालिकेचे हक्क वेगवेगळे विकता येतात.

भारतात याबाबत कॉपीराइट अधिनियम, १९५७ लागू आहे. कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसह असावे लागते. करारात वेगळे नमूद नसेल, तर एका वर्षात वापर न झालेले हस्तांतरण रद्द झाल्याचे मानले जाते. मुदतीचा उल्लेख नसल्यास ती पाच वर्षे आणि प्रदेशाचा उल्लेख नसल्यास तो भारतापुरता धरला जातो. २०१२ च्या दुरुस्तीनुसार, करार करताना अस्तित्वात नसलेल्या माध्यमाचा त्यात स्पष्ट उल्लेख नसेल, तर त्या माध्यमातील हक्क हस्तांतरित होत नाहीत. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हे हक्क वारसांकडे राहत असल्याने मराठी लेखकांच्या कुटुंबीयांसाठी या तरतुदी महत्त्वाच्या आहेत.

मराठी कादंबऱ्यांबाबत

रणजित देसाई यांच्या 'स्वामी' (१९६२) या कादंबरीवरील मालिका १९८० च्या दशकात दूरदर्शनवर आली. रवींद्र मंकणी यांनी तीत माधवराव पेशवे आणि मृणाल देव यांनी रमाबाई साकारल्या. ना. सं. इनामदार यांच्या 'राऊ' (१९७२) वर आधारित 'बाजीराव मस्तानी' हा संजय लीला भन्साळी यांचा चित्रपट २००३ मध्ये जाहीर झाला होता; तो प्रदर्शित होण्यास १८ डिसेंबर २०१५ उजाडला. इनामदारांचे निधन २००२ मध्येच झाले होते.