एशियन गेम्समधील बॅडमिंटन : १९६२ पासून भारताच्या पहिल्या सुवर्णापर्यंतचा प्रवास

एशियन गेम्स म्हटलं की गावाकडं आधी कबड्डी आठवते. बॅडमिंटनचा नंबर नंतर लागतो. पण ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ शहरात सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टी या जोडीने पुरुष दुहेरीत सुवर्ण जिंकलं. हा खेळ या स्पर्धेत आल्यापासून तब्बल ६१ वर्षांनी भारताला मिळालेलं हे पहिलं सुवर्ण.

विशेष म्हणजे या खेळाचं जुनं नातं आपल्या पुण्याशी आहे. १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत. त्याचे सुरुवातीचे नियमही तिथंच ठरले. त्या काळी या खेळाला ‘पूना’ म्हणत. पुढे इंग्लंडमधील बॅडमिंटन हाऊस या वाड्यावरून आजचं नाव पडलं.

सुरुवात जकार्तातून

एशियन गेम्स १९५१ मध्ये दिल्लीत सुरू झाले. बॅडमिंटन मात्र चौथ्या स्पर्धेत, म्हणजे १९६२ मध्ये इंडोनेशियातील जकार्ता येथे आलं. यजमान इंडोनेशियाने तिथं वर्चस्व गाजवलं. पुरुष एकेरीत तान जो हॉक आणि महिला एकेरीत मिनार्नी यांनी सुवर्ण जिंकलं. पुरुष दुहेरीचं सुवर्ण मलायाच्या जोडीने नेलं. मिश्र दुहेरी १९६६ च्या बँकॉक स्पर्धेपासून सुरू झाली.

बॅडमिंटनची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७७ मध्ये सुरू झाली, तर ऑलिंपिकमध्ये या खेळाला पदकं मिळू लागली १९९२ पासून. म्हणजे आशियात हा खेळ त्याच्या कितीतरी आधी पदकांसाठी खेळला जात होता.

चीन आला आणि चित्र बदललं

१९७४ च्या तेहरान स्पर्धेत चीन पहिल्यांदा उतरला. पुरुष एकेरीचं सुवर्ण हौ जियाचांग यांनी पटकावलं. गंमत म्हणजे त्यांचा जन्म इंडोनेशियातला. तेव्हापासून या स्पर्धेत सर्वाधिक पदकं चीनच्या नावावर आहेत. इंडोनेशियाच्या तौफिक हिदायत यांनी २००२ आणि २००६, तर चीनच्या लिन दान यांनी २०१० आणि २०१४ अशी लागोपाठ दोन-दोन एकेरी सुवर्णं जिंकली.

इथलं पदक इतकं अवघड का?

युरोपातील डेन्मार्कसारखे मोजके देश सोडले तर या खेळातले बलाढ्य देश आशियातच आहेत : चीन, इंडोनेशिया, दक्षिण कोरिया, मलेशिया, जपान. त्यामुळे इथं उपांत्यपूर्व फेरीतच जगज्जेत्याशी गाठ पडू शकते. ऑल इंग्लंड ही मानाची स्पर्धा जिंकणारे प्रकाश पदुकोण (१९८०) आणि पुल्लेला गोपीचंद (२००१) यांनाही एशियन गेम्समध्ये वैयक्तिक पदक मिळालं नाही. पदुकोण यांची १९७४ आणि १९८६ ची कांस्यपदकं सांघिक आहेत.

दिल्लीची कमाई आणि मग दुष्काळ

१९८२ मध्ये दिल्लीत भारताने बॅडमिंटनमध्ये पाच कांस्यपदकं मिळवली. उत्तर प्रदेशातील गोरखपूर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले सय्यद मोदी पुरुष एकेरीत चमकले. महाराष्ट्राच्या प्रदीप गंधे यांनी लेरॉय डिसा यांच्यासोबत दुहेरीत कांस्य जिंकलं.

१९८६ च्या सोल स्पर्धेत सांघिक कांस्य मिळालं आणि त्यानंतर हात रिकामेच राहिले. १९९० ते २०१० अशा सलग सहा स्पर्धांत भारताला बॅडमिंटनचं एकही पदक नाही. हा दुष्काळ २०१४ मध्ये इंचॉनला महिला संघाने संपवला. २०१८ मध्ये जकार्तात पी. व्ही. सिंधू अंतिम फेरीत पोहोचणारी पहिली भारतीय ठरली. चायनीज तैपेईच्या ताई त्झू-यिंगने आधी उपांत्य फेरीत सायना नेहवालला आणि मग अंतिम सामन्यात सिंधूला हरवलं.

हांगझोऊ : हातचं गेलं, मग मिळालं

कोरोनामुळे २०२२ ची स्पर्धा २०२३ मध्ये झाली. पुरुष सांघिक अंतिम फेरीत भारत चीनविरुद्ध २-० ने पुढे होता. पाच लढतींपैकी फक्त एक हवी होती. पण पाठीच्या दुखापतीमुळे एच. एस. प्रणॉय बाहेर होता. उरलेल्या तिन्ही लढती चीनने जिंकल्या आणि भारताला रौप्यावर समाधान मानावं लागलं. संघाला एक-दोन मोठे खेळाडू पुरत नाहीत, मागची फळीही तितकीच भक्कम लागते, हे त्या दिवशी कळलं.

सहा दिवसांनी सात्विक-चिरागने दक्षिण कोरियाच्या चोई सोल-ग्यू आणि किम वोन-हो यांना २१-१८, २१-१६ असं सरळ हरवलं. सात्विक आंध्र प्रदेशातील अमलापुरम या छोट्या गावचा, त्याचे वडील शाळेत शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. चिराग मुंबईचा. मलेशियाचे प्रशिक्षक तान किम हर यांनी या दोघांची जोडी जमवली होती. या सुवर्णानंतर ही जोडी जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचली. हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय जोडी.

भारताची पदकं एका नजरेत

१९७४ तेहरान : पुरुष संघ, कांस्य
१९८२ दिल्ली : पुरुष संघ, महिला संघ, सय्यद मोदी, गंधे-डिसा (पुरुष दुहेरी), लेरॉय डिसा-कंवल ठाकूर सिंग (मिश्र दुहेरी), सर्व कांस्य
१९८६ सोल : पुरुष संघ, कांस्य
२०१४ इंचॉन : महिला संघ, कांस्य
२०१८ जकार्ता : सिंधू रौप्य, सायना कांस्य
२०२२ हांगझोऊ (२०२३ मध्ये) : सात्विक-चिराग सुवर्ण, पुरुष संघ रौप्य, प्रणॉय कांस्य

एकूण १३ पदकं : १ सुवर्ण, २ रौप्य, १० कांस्य.

हे माहीत आहे का?

या स्पर्धेत बॅडमिंटनमध्ये तिसऱ्या क्रमांकासाठी वेगळा सामना होत नाही. उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्य मिळतं. म्हणून प्रत्येक प्रकारात दोन कांस्यपदकं असतात. प्रकार एकूण सात : पुरुष व महिला एकेरी, पुरुष व महिला दुहेरी, मिश्र दुहेरी आणि दोन सांघिक.

हांगझोऊनंतरच्या स्पर्धेचं यजमानपद जपानमधील आयची-नागोयाकडे असून तिचं वर्ष २०२६ आहे.