कोडाईच्या सरोवराभोवती एक दिवस

परप्रांतात आयुष्य घालविणाऱ्या माणसापुढे एक प्रश्न कधी ना कधी उभा राहतोच. ज्या भूमीचे अन्नपाणी आपण घेतले, त्या भूमीला आपण काय दिले? मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील सहलीत या प्रश्नाने आम्हांला ऐन रस्त्यात गाठले.

मदुराईहून सुमारे 120 किलोमीटरवर, पळणी डोंगरांत, समुद्रसपाटीपासून जवळजवळ 7,000 फूट उंचीवर कोडाईकनाल वसले आहे. तेथील सरोवराला सायकलीवरून प्रदक्षिणा घालावयाची, असा आमचा बेत होता. सकाळी धुके विरत असतानाच भाड्याच्या सायकली घेऊन लहानथोर मंडळी निघाली. काठाकाठाने जाणारा रस्ता सुमारे 5 किलोमीटरांचा व बहुतांशी सपाट. पुण्यात तारुण्य घालविलेल्या आमच्यातील ज्येष्ठांना सायकलींच्या पुण्याची आठवण झाली आणि त्यांच्या घंटा उगीचच वाजू लागल्या.

पहिली फेरी केवळ शोभा पाहण्यात गेली. दुसऱ्या फेरीत एकाच्या सायकलीची साखळी निसटली, म्हणून सारे थांबलो. तेवढ्या वेळात एका मुलाने विचारले, "हा तलाव किती हजार वर्षांचा असेल?" त्याला वाटले तसेच बहुतेकांना वाटत होते. वस्तुतः हे सरोवर मानवनिर्मित आहे. 1863 साली मदुराईचे कलेक्टर व्हिअर हेन्री लेव्हिंज यांनी येथील दलदलीच्या खोऱ्यातील ओढे बांध घालून अडविले व सुमारे 60 एकरांचे हे ताऱ्याच्या आकाराचे जलाशय निर्माण केले. पहिली नावही त्यांनीच तुतिकोरिनहून आणविली, असे सांगतात. पुढे 1890 मध्ये येथे नौकाविहाराचा क्लब निघाला.

लेव्हिंज हे येथे आलेले पहिले परके नव्हेत. मदुराईचा उन्हाळा व रोगराई यांना कंटाळलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी 1845 मध्येच येथे पहिली घरे बांधली होती. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मोटारीचा घाटरस्ता तयार होईपर्यंत वर येण्याचे साधन म्हणजे घोडा, नाहीतर माणसांच्या खांद्यावरील डोली. या साहेबांची नावे इतिहासात आहेत. ज्यांनी डोल्या वाहिल्या, बांधाची माती उपसली, त्यांची नावे मात्र कोठे आढळत नाहीत. आणि या साऱ्यांच्या कितीतरी आधीपासून या डोंगरांत पळियर वनवासी राहत आले आहेत, हेही विसरून चालणार नाही.

साखळी बसली, पण फेरीत पहिल्यासारखी गडबड राहिली नाही. परक्या मुलखात आलेल्या एका अधिकाऱ्याने मागे पाणी ठेवले. सरकारी नोकरीच्या बदल्यांत गावोगाव फिरलेल्या आमच्यासारख्यांना ही गोष्ट अंतर्मुख करणारी होती.

त्या पाण्याचीही आज परीक्षा चालू आहे. सांडपाणी व पाणवनस्पती यांनी सरोवराला ग्रासले आहे. पर्यटकांची गर्दी इतकी वाढली, की मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशावरून मे 2024 पासून येथे येणाऱ्या वाहनांना ई-पास घ्यावा लागू लागला. त्या गर्दीत आम्हीही होतो. काठावर पुरीभाजीचे जेवण आटोपले, तेव्हा कागदी ताटल्या वाऱ्याने पाण्याकडे उडू लागल्या. मंडळातील वडीलधाऱ्या भगिनींनी कोणालाही न बोलता त्या वेचावयास आरंभ केला. मग तरुण मंडळी ओशाळून धावली, आणि आमच्याबरोबर इतरांनी टाकलेलाही कचरा गोळा झाला. तिसऱ्या फेरीस त्यामुळे उशीर झाला, त्याची तक्रार कोणी केली नाही.

पन्नास वर्षांत आम्ही गणेशोत्सव केले, नाटके केली, मुलांना मराठी शिकविली. हे सारे आपल्यासाठी होते व ते आवश्यकच होते. पुढील पन्नास वर्षांत ज्या गावाने आपणांस थारा दिला, त्या गावासाठी काय करावयाचे, याचाही विचार मंडळाने करावा. सरोवर बांधणे सर्वांना साधत नाही. असलेले निर्मळ राखणे मात्र कोणालाही साधण्याजोगे आहे.