ॲटॉमिक फॉरेस्ट : एका अल्पायुषी वाद्यमेळाचा इतिहास

आपल्याकडे संगीताचा इतिहास लिहावयाचा म्हणजे तो घराण्यांचा किंवा नाटकमंडळ्यांचा लिहावयाचा, असा संकेत पडून गेला आहे. कोल्हापुरांत राहणाऱ्यास तर हा संकेत अगदीं स्वाभाविक वाटतो. शाहू महाराजांच्या आश्रयास आलेल्या अल्लादियाखांसाहेबांची गायकी शिष्यप्रशिष्यांच्या मुखीं आजही नांदते आहे; केशवराव भोसल्यांनीं १९०८ सालीं काढलेली ‘ललितकलादर्श’ मंडळी १९२१ सालीं त्यांचें अकालीं निधन झाल्यावरही बापूराव पेंढारकरांच्या हातीं पुष्कळ वर्षें चालली. दीर्घायुष्य हेंच जणूं गुणवत्तेचें प्रमाणपत्र, अशी समजूत त्यामुळें रूढ झाली आहे. परंतु ज्यांना ना शिष्य लाभले, ना स्वतःचें नाटकगृह, ना राजाश्रय, त्यांचें काय? मुंबईंत १९७० नंतरच्या दशकांत उदयास येऊन थोडक्याच वर्षांत मावळलेला ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ हा ब्ल्यूज आणि रॉक वाजविणारा वाद्यमेळ अशांपैकीं एक होय. तो मावळला कां, आणि मावळतांना मागें काय ठेवून गेला, हे दोन्ही प्रश्न मराठी वाचकानें विचारण्यासारखे आहेत.

ह्या मेळाची शैली समजावयाची तर प्रथम ब्ल्यूज म्हणजे काय हें पाहिलें पाहिजे. अमेरिकेंतील गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें संपली. पण दक्षिणेंत कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीयांचे हाल संपले नाहींत. त्यांच्या श्रमगीतांतून व भजनांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हें गाणें घडत गेलें. डब्ल्यू. सी. हँडी ह्यानें १९१२ सालीं ‘मेम्फिस ब्ल्यूज’ छापून प्रसिद्ध केलें, आणि १९२० सालीं मेमी स्मिथ हिच्या तबकडीनें हा गानप्रकार दूरवर नेला. त्याची बांधणी साधी आहे : चार मात्रांचे बारा खंड, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचें एक आवर्तन, पहिली ओळ दोनदां गावयाची आणि तिसऱ्या ओळींत तिचें उत्तर द्यावयाचें. त्यांतील स्वरांची जात मात्र आपल्या कानास ओळखीची वाटावी अशी आहे. गांधार आणि निषाद तेथें धड कोमल नसतात, धड शुद्धही नसतात. दोहोंमधल्या जागेवर ते आंदोलत राहतात. पियानोच्या पट्ट्यांत ही जागा सांपडत नाहीं. ती कंठांत सांपडते, किंवा गिटारची तार बोटानें बाजूस ओढली म्हणजे सांपडते. सतारीवर मींड घेणारा वादक ह्याहून निराळें काय करतो?

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास शिकागोसारख्या शहरांत ह्या गाण्यास विजेच्या गिटारची जोड मिळाली. १९६० नंतर लंडनच्या गोऱ्या तरुणांनीं तें उचललें आणि त्यांत मोठा आवाज, भारदस्त ठेका आणि लांबलचक वादनविस्तार ह्यांची भर घातली. हाच ब्ल्यूज रॉक होय. त्यांतील अग्रगण्य ‘क्रीम’ हा मेळ १९६६ पासून १९६८ पर्यंतच टिकला. जिमी हेंड्रिक्स १९७० सालीं अवघ्या सत्ताविसाव्या वर्षीं वारला. अल्पायुष्य हा जणूं ह्या पंथाचा कुलधर्मच.

मुंबईची भूमि ह्या संगीतास अगदींच परकी नव्हती. १९३५ च्या सुमारास ताजमहाल हॉटेलांत अमेरिकन कृष्णवर्णीयांचे जाझ वाद्यमेळ वाजूं लागले, आणि गोव्याहून आलेल्या वादकांनीं त्यांच्यापासून पुष्कळ उचललें. पुढें ‘सिम्ला’ सिगारेटच्या नांवानें १९७० व १९७१ सालीं तरुण मेळांच्या स्पर्धा झाल्या व त्यांच्या तबकड्याही निघाल्या. संस्थानिकांच्या गादीवर सिगारेटवाले येऊन बसले, हा काळाचा महिमा! १९७२ सालीं ‘लेड झेपेलिन’चे जिमी पेज व रॉबर्ट प्लँट मुंबईस आले असतां कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ नांवाच्या नाचघरांत वाजवून व गाऊन गेले.

ॲटॉमिक फॉरेस्ट वाढला तो ह्याच वातावरणांत. कीथ कांगा हे त्याचे प्रवर्तक. नील चट्टोपाध्याय ह्यांच्या हातीं गिटार. आणि गायकांत मधुकर धस व नंदू भेंडे. ॲलेक पदमसी ह्यांनीं १९७४ सालीं मुंबईंत ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हें इंग्रजी संगीतनाट्य रंगभूमीवर आणलें, त्यांत येशूची भूमिका धस ह्यांनीं व ज्यूडासची भेंडे ह्यांनीं केली, ह्यावरून त्यांच्या गळ्याची ताकद ध्यानांत यावी. मेळाचें वादन ऐकतांना तीन गोष्टी लक्षांत येतात : गिटारचा जाड, करकरीत आवाज, ब्ल्यूजच्या बांधणीवर तोललेला वादनविस्तार, आणि पाय स्थिर राहूं न देणारा ठेका. परंतु पोटाचा प्रश्न हॉटेलें व नाचघरें ह्यांच्यावर अवलंबून होता, आणि तेथील गिऱ्हाइकास पाहिजे होतीं तीं परदेशांत गाजलेलीं गाणीं. स्वतःच्या रचनेस मागणी नाहीं, अशा स्थितींत कोणताही कलावंत किती दिवस तग धरणार?

येथें कोणी म्हणेल कीं, हें सारें उसनें होतें, म्हणून तें गेलें. हा आक्षेप मला मान्य नाहीं. आपलें नाट्यसंगीत तरी काय स्वयंभू होतें? अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं ‘शाकुंतल’ रचलें तेव्हां कानडी चालींचा आधार त्यांनीं मोकळ्या मनानें घेतला, आणि पुढच्या नाटककारांनीं हिंदुस्थानी चिजा, गझल, कव्वाली कांहींही वर्ज्य मानलें नाहीं. उसन्या चालींनीं मराठी रंगभूमीचें कांहीं बिघडलें नाहीं, कारण त्या चालींवर चढलेले शब्द मराठी होते. मुंबईच्या ह्या तरुणांनीं चाल घेतली आणि तिच्याबरोबर भाषाही घेतली. उणें राहिलें तें येथें.

ह्या उणिवेचा अर्थ पुरता कळावयाचा असेल तर त्याच शहरांतील दुसरी एक घटना शेजारीं ठेवून पाहावी. ज्या १९७२ सालीं कुलाब्यास पेज आणि प्लँट वाजवीत होते, त्याच १९७२ सालीं मुंबईंत दलित पँथरची स्थापना झाली. तिनें आपलें नांव अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर ह्या संघटनेवरून घेतलें. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ त्याच वर्षाचा. म्हणजे एका समाजाचें दुःख दोन वाटांनीं एकाच नगरींत येऊन पोंचलें होतें : एका वाटेनें त्याचे सूर आले, दुसऱ्या वाटेनें त्याचा संताप. सूर दक्षिण मुंबईच्या नाचघरांत उतरले, संताप कामाठीपुऱ्यांत आणि वरळीच्या चाळींत. एकाकडे विजेची गिटार होती, दुसऱ्याकडे सांगण्यासारखें सर्व कांहीं होतें. पण दोघांची गांठ पडली नाहीं. ज्या गाण्याचा जन्म राबणाऱ्यांच्या कंठांत झाला, तें येथें राबणाऱ्यांच्या भाषेंत कोणी गाइलें नाहीं. ॲटॉमिक फॉरेस्टच्या अल्पायुष्याचें सर्वांत खोल कारण मला हेंच दिसतें. वादकांच्या अंगीं कसब होतें. तें ज्या भूमींत रुजावें ती भूमि त्यांना कोणी दाखविली नाहीं, आणि त्यांनींही ती शोधिली नाहीं.

तथापि कांहींच उरलें नाहीं असें मात्र नव्हे. आत्माराम व आशा भेंडे ह्या मराठी रंगभूमीवरील जोडप्याचे चिरंजीव असलेले नंदू भेंडे १९७८ सालीं ‘तीन पैशांचा तमाशा’ ह्या नाटकांत आले. ब्रेश्टच्या १९२८ सालच्या नाटकाचें हें पु. ल. देशपांड्यांनीं केलेलें रूपांतर जब्बार पटेल ह्यांनीं दिग्दर्शित केलें होतें. चोर, भिकारी आणि वेश्या ह्यांच्या ह्या कथेंत नाट्यसंगीताच्या शेजारीं पाश्चात्त्य रॉकची चाल येऊन बसली, आणि ह्या वेळीं तिच्यावर शब्द मराठी होते. वाद्यमेळास जें साधलें नाहीं तें त्याच्या एका गायकानें आईबापांच्या रंगभूमीवर येऊन साधलें. मेळाची ‘ऑब्सेशन ७७’ ही तबकडी निघाली १९८१ सालीं, मेळ विसर्जित झाल्यानंतर. म्हणजे पुत्रजन्माची वार्ता पित्याच्या श्राद्धास यावी तसें झालें. तिचें मोल ओळखून २०११ सालीं ती पुन्हां बाजारांत आणली ती एका अमेरिकन कंपनीनें. नंदू भेंडे २०१४ सालीं निवर्तले.

आपल्या घराण्यांचा आणि नाटकमंडळ्यांचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. पण जी तबकडी मुंबईंत वाजली, जिच्यामागच्या एका गायकाचें घर मराठी रंगभूमीचें होतें, ती जतन करण्याचें काम सातासमुद्रांपलीकडच्यांवर सोंपवून आपण मोकळे व्हावें, हें इतिहासाची आवड सांगणाऱ्या समाजास शोभत नाहीं. अल्पायुषी मंडळ्यांच्या नोंदी प्रथम ठेवाव्या लागतात. दीर्घायुषी मंडळ्या आपली नोंद आपण ठेवितात.